मोपाचा सडा आणि एक सरकारी फॉर्म

मोपा विमानतळाविषयी इतके बोलून झाले आहे की आता नवीन काय राहिले, असे कुणीही म्हणेल. दाबोळी राहणार की बंद होणार, विमानतळ उत्तरेला की दक्षिणेला, टॅक्सीवाल्यांचे काय, नाव कुणाचे... वीसेक वर्षे गोव्यातली वर्तमानपत्रे यावरच भरत होती. या गलबल्यात एक कागद मात्र बाजूला पडला. त्याचे नाव 'फॉर्म १'. मी वीस वर्षे सरकारी कचेरीत लोकांचे फॉर्म तपासतो आहे म्हणून असेल कदाचित, पण मोपाचा सगळा इतिहास मला त्या कागदात दिसतो.

विमानतळ बांधण्याआधी त्या जागेची चौकशी करायची, ही कल्पना तशी फार जुनी नाही. आपला दाबोळी घ्या. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पोर्तुगीज सरकारला बाहेरच्या जगाशी हवाई मार्गाने जोडून राहणे भाग होते, म्हणून दाबोळीच्या पठारावर धावपट्टी झाली आणि १९५५ मध्ये तिथून विमाने उडू लागली. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तीच धावपट्टी फोडली. पुढे ती दुरुस्त होऊन नौदलाकडे गेली. या सगळ्या काळात, त्या पठारावरचे पाणी पूर्वी कुठे उतरत होते हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही. विचारायची रीतच नव्हती. इथे नव्हती आणि दुसरीकडेही नव्हती.

ती रीत जिथून रुळली, त्या गोष्टीच्या मुळाशीही एक विमानतळच आहे. हे मला कळले तेव्हा गंमत वाटली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा प्रचंड पाणथळ प्रदेश आहे. गवतातून वीत-दोन वीत खोलीचे पाणी अगदी संथपणे दक्षिणेकडे सरकत असते. पाहणाऱ्याला ते साचलेले वाटते, पण ते वाहते असते. त्याच्याच शेजारच्या बिग सायप्रस दलदलीत, मायामीच्या बंदर प्राधिकरणाने जगातला सर्वांत मोठा विमानतळ बांधायला घेतला. काम १९६८ मध्ये सुरू झाले. जागा घेतली ३९ चौरस मैल, म्हणजे आपल्या मोपाच्या जवळजवळ बारापट. सहा धावपट्ट्यांचा बेत होता. पहिली, सुमारे ३,२०० मीटर लांबीची, बांधूनही झाली.

तेव्हा अमेरिकेच्या गृह खात्याने (तिकडचे हे खाते मुख्यतः पोलिसांचे नव्हे, जमिनीचे आणि रानांचे) ल्युना लिओपोल्ड या शास्त्रज्ञाकडे अहवाल मागितला. लिओपोल्ड हा नद्यांचा अभ्यासक, वन्यजीवांवर लिहिणाऱ्या आल्डो लिओपोल्डचा मुलगा. १९६९ मध्ये त्याने जो अहवाल दिला त्याची पाने फार नाहीत, पण विचार करण्याची तऱ्हा वेगळी होती. विमानतळाच्या कुंपणाच्या आत काय होईल यावर त्याने फारसा वेळ घालवला नाही. विमानतळ आला की रस्ता येईल, रस्त्यामागून वसाहती येतील, वसाहतींसाठी दलदल उपसून कोरडी करावी लागेल, सांडपाणी त्याच पाण्यात जाईल, आणि मग खाली दक्षिणेला असलेले राष्ट्रीय उद्यान तहानेने मरेल, अशी ती साखळी होती. विमानतळवाल्यांनी आपल्या आवारात कितीही काळजी घेतली तरी ही साखळी तुटत नाही, असे त्याचे म्हणणे. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने त्याच वर्षी 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स' ही संघटना उभी केली. तिचे वय त्या वेळी ७९ होते!

१ जानेवारी १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही केली आणि मोठ्या सरकारी कामाआधी परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला. त्याच महिन्यात फ्लोरिडाचा विमानतळ थांबवण्याचा करारही झाला. एकच धावपट्टी दलदलीत उरली, वैमानिकांच्या सरावापुरती. १९७४ मध्ये भोवतालची दलदल राखीव झाली. (२०२५ च्या जुलैत त्याच धावपट्टीवर स्थलांतरितांसाठी तुरुंग उभारला गेला. पर्यावरणाचा आढावा न घेताच तो उभारला म्हणून ऑगस्टमध्ये तिथल्या न्यायालयाने तो आवरायला सांगितले, आणि सप्टेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे जागा तीच, प्रश्नही तोच.)

१९७१ मध्ये लिओपोल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे अहवाल कसे लिहावेत यासाठी एक तक्ता छापला. आडवे १०० रकाने, माणूस काय काय करणार त्याचे. उभे ८८, निसर्गात आणि माणसांच्या जगण्यात काय काय आहे त्याचे. एकूण ८,८०० चौकटी. जिथे परिणाम संभवतो तिथे तिरकी रेघ मारायची, रेघेवर परिणाम केवढा आणि रेघेखाली तो महत्त्वाचा किती, हे १ ते १० अंकांत लिहायचे. आमच्या कचेरीत असा तक्ता आला तर दुपारच्या चहाआधी निम्म्यांचे रजेचे अर्ज टेबलावर पडतील! पण लिओपोल्डची एक अट मला फार आवडते. आकडा नुसता टाकून चालत नाही. तो का टाकला, हे सोबत लिहून द्यावे लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'नोटिंग' हवे.

आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून धरणांच्या कामात असा विचार होऊ लागला होता, पण कायद्याने सक्ती झाली २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. जनसुनावणी १९९७ मध्ये आली. १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना निघाली आणि मोपाची प्रक्रिया तिच्याखाली झाली. तिच्यात सगळ्या इमल्याचा पाया आहे हा फॉर्म १. तो प्रकल्प करणाऱ्यानेच भरायचा. भोवताली १५ किलोमीटर हवाई अंतरात राने, पाणथळी, ओहोळ, डोंगर, संरक्षित क्षेत्रे काय आहेत ते लिहायचे. त्यावरून दिल्लीची तज्ज्ञ समिती ठरवते की अभ्यास कशाकशाचा करायचा. म्हणजे फॉर्ममध्ये जे नाही, ते पुढे बहुतेक कुठेच नाही.

मोपाचा सडा जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात बघणारा म्हणेल, उजाड माळ आहे, बांधा काय हवे ते. पण जांभा हा स्पंजासारखा दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उतारांवरच्या झऱ्यांतून हळूहळू सोडतो. खालच्या कुळागरांची आणि शेतांची पुढची भिस्त त्यावर. एका अंगाला तेरेखोल नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला शापोऱ्याचे. पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढले की ते पेडणे ओलांडून सिंधुदुर्गात, सावंतवाडी-दोडामार्गच्या रानात शिरते. रानाला राज्याची हद्द माहीत नसते, फाईलला मात्र असते.

१ फेब्रुवारी २०१५ ला जनसुनावणी झाली, २८ ऑक्टोबर २०१५ ला पर्यावरण दाखला मिळाला आणि १३ नोव्हेंबर २०१६ ला पायाभरणी. दाखल्याविरुद्ध पेडण्यातले एक रहिवासी आणि 'फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स' ही संस्था हरित लवादाकडे गेली. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही जादा अटी घालून दाखला कायम ठेवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ मार्च २०१९ ला न्या. चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांनी तो फॉर्म अक्षरशः रकान्यामागून रकाना वाचला.

ते निकालपत्र मी मिळवून वाचले, आणि एखाद्या कडक हेडक्लार्कने फाईल परत करावी तसे मला वाटले. भोवतालच्या वनांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती फॉर्ममध्ये उघड केलेली नाही. तज्ज्ञ समितीने दाखल्याची शिफारस केली, पण का केली याची कारणे नोंदवलेली नाहीत. सुनावणीत लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा नीट विचार झाल्याचे दिसत नाही. लवादाने हे सगळे तपासायला हवे होते, तेही झाले नाही. झाडांचे तर असे, की तोडायच्या झाडांची संख्या पुढे ५४,६७६ निघाली. उजाड माळावर! न्यायालयाने दाखला स्थगित केला आणि समितीला पुन्हा विचार करायला सांगितले.

समितीने एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शिफारस केली, आणखी अटींसह. १६ जानेवारी २०२० ला त्याच खंडपीठाने स्थगिती उठवली, 'शून्य कार्बन' कार्यक्रमाची हमी नोंदवून घेतली आणि अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला नागपूरच्या 'नीरी' संस्थेला नेमले. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली.

काही जण म्हणतात, शेवटी विमानतळ झालाच ना, मग एवढे करून काय मिळाले? हे मला पटत नाही. तो निकाल नंतर देशभरच्या पर्यावरणविषयक खटल्यांत आधार म्हणून घेतला गेला. खोटा किंवा अपुरा फॉर्म ही नुसती कारकुनी चूक नाही, त्याने पुढची सगळी प्रक्रिया नासते, हे एवढ्या स्पष्टपणे आधी कुणी सांगितले होते? माझी तक्रार वेगळी आहे. न्यायालयात फाईल पोचेपर्यंत दाखल्याला तीन-साडेतीन वर्षे झाली होती, कंत्राट दिले गेले होते, पैसा गुंतला होता. फ्लोरिडात एक धावपट्टी झालेली असताना उरलेल्या पाच थांबल्या. इथे नव्याने विचार करणारी समितीही आधीच्याच यंत्रणेतली आणि विचारायचा प्रश्नही 'आणखी कोणत्या अटी?' एवढाच राहिला. 'ही जागा योग्य आहे का?' हा प्रश्न विचारायची वेळ २०११ मध्येच, फॉर्म भरताना, निघून गेली होती.

आणि लिओपोल्डची ती साखळी? विमानतळाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद इस्पितळाचेही झाले. महामार्गापासून सड्यापर्यंत नवा रस्ता आला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले, जमिनीचा झोन बदलून घेण्यासाठी. त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. तोवर २०२४ मध्ये ३९(अ) आलेच होते. त्याखाली बदलायच्या जमिनींची यादी सर्व्हे नंबरांसकट जाहीर होई आणि हरकतीला तीस दिवस मिळत. पेडण्यातल्या जमिनींवरून या दोन्ही कलमांच्या काळात गावागावांत सभा झाल्या. विमानतळाच्या अहवालात हे सर्व्हे नंबर नव्हते, कारण ते कुंपणाबाहेर होते. झोनबदलाच्या अर्जात विमानतळाचा उल्लेख करायचे कारण नव्हते, कारण तिथे प्रश्न एकेका तुकड्याचा होता. दोन्ही फाईली दोन वेगवेगळ्या खात्यांत होत्या.