भुयारातला खजिना : नशिबाचा की मेहनतीचा?

1974 साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण भुयाराचा नकाशा आपल्याजवळ झाकून ठेवतो व पंचाचे काम करतो. बाकीचे भुयारात उतरलेली पात्रे होतात. लपवलेले धन शोधणे हे या खेळाचे मर्म, कारण बाहेर आणलेल्या सोन्यावरही पात्राची प्रगती मोजली जाई.

मग हे धन सापडायचे कसे? मूळ नियमानुसार दहा फूट भिंत तपासायला एक फेरी, म्हणजे सुमारे दहा मिनिटे, खर्ची पडे. सहा बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 पडले तर माणसाला चोरदरवाजा सापडे. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी पंचही फासा टाकी. 6 पडले की भटका राक्षस समोर उभा! म्हणजे शोध फुकट नव्हता. अजून दहा मिनिटे थांबायचे की निघायचे, हा निर्णय खेळाडूचा होता, आणि खरी गंमत त्या निर्णयात होती.

1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर हे पात्र आले. सापळा निकामी करणे, कुलूप उघडणे यांना टक्केवारी लागली. पूर्वी खेळाडू भिंत ठोकून पाहतो, गालिचा उचलतो असे तोंडाने सांगत. हळूहळू ते बोलणे कमी होऊन फासा बोलू लागला. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'शोध' हे स्वतंत्र कौशल्यच झाले. त्यात एक शहाणी सवलतही होती : धोका नसेल आणि वीसपट वेळ द्यायची तयारी असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले असे धरून चालावे.

तरी एक दुखणे उरले. पुढची सगळी कथा ज्या चिठ्ठीवर अवलंबून आहे, तीच फासा उलटा पडल्यामुळे सापडली नाही तर? खेळ तिथेच अडतो. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीने यावर सरळ उत्तर दिले. योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी शोधत असेल, तर आवश्यक धागा त्याला मिळालाच पाहिजे. त्या धाग्यातून अर्थ काय काढायचा, ही खेळाडूची परीक्षा.

या इतिहासातून पंचाने घ्यायचा धडा साधा आहे. शोधण्यात वेळ जात नसेल, धोकाही नसेल, तर फासा टाकायला लावू नका. जे आहे ते देऊन टाका. खेळाडूने नेमकी जागा सांगितली, तर तिथले धन त्याच्या हाती द्या. ज्यावाचून कथा थांबेल ते फाशाच्या भरवशावर ठेवू नका. किस्मतीचा वाटा जरूर असावा, पण विचारपूर्वक शोधणाऱ्याच्या मेहनतीवर तिने पाणी फिरवू नये. नाहीतर पुढच्या खोलीत भिंत तपासायचे कष्ट कोण घेईल?