रणगाड्याच्या पोटाखालची जागा

साहित्यशास्त्राच्या तासाला अनुकृतीची चर्चा निघाली की आम्ही दोघेही वर्षानुवर्षे चित्रातला घोडा आणि खरा घोडा हेच उदाहरण देत आलो. कलाकृती वास्तवाची नक्कल नसते, ती निवड असते, हे वाक्यही आमच्या तोंडी बसलेले. पण ही निवड नेमकी कोणाला उत्तरदायी असते, हा प्रश्न आम्हांला कोणत्या ग्रंथाने विचारला नाही. तो विचारला बोटभर लांबीच्या एका प्लास्टिकच्या रणगाड्याने. किंवा खरे सांगायचे तर त्याच्याकडे वाकून पाहणाऱ्या एका निवृत्त जवानाने.

मराठीच्या प्राध्यापकांनी रणगाड्यांच्या प्रतिकृतींत का लक्ष घालावे, असे सुज्ञ वाचकांस वाटेल. त्याचे एक उत्तर शब्दाच्या इतिहासातच आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे, मोती तलाव आहे. अशा जलाशयांना इंग्रजी गॅझेटिअरे 'टँक' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा माग काढताना कोशकार एकीकडे पोर्तुगीज 'टांके'कडे आणि दुसरीकडे पश्चिम भारतातील भाषांकडे, म्हणजे गुजराती 'टांकी' आणि आपल्या 'टाके' या शब्दांकडे बोट दाखवतात. गडावरचे, खडकात खोदलेले पाण्याचे टाके ते हेच. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पट्ट्यांवर चालणारे चिलखती वाहन गुप्तपणे बांधावयास घेतले. कारखान्यातल्या पोलादी सांगाड्यांबद्दल कुतूहल वाढू नये म्हणून ही पाणी वाहून नेण्याची टाकी आहेत अशी हूल उठवण्यात आली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये 'टँक' हे सांकेतिक नाव ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ती वाहने प्रथम लढली. गुपित फुटले, नाव राहिले. ज्या शब्दाच्या वंशावळीत आपल्या टाक्याचेही नाव घेतले जाते, तो अशा रीतीने तोफ घेऊन परतला. मराठीने त्याला 'रणगाडा' हा देखणा प्रतिशब्द दिला, तरी बोलण्यात 'टँक'ही टिकून आहे.

आता मूळ प्रसंग. २०१८ हे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या सैन्याचा रस्ता सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता. ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांत, स्वतः जखमी असताना, राणे यांनी तो रणगाड्यांसाठी मोकळा केला. त्यांना परमवीरचक्र मिळाले आणि ते त्यांच्या हयातीत मिळाले. त्या कामगिरीच्या वर्णनांत एक विलक्षण दृश्य येते. समोरून गोळ्या येत असताना राणे पुढच्या स्टुअर्ट रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्या गतीने सरपटत राहिले आणि दोऱ्यांच्या ओढीने चालकाला 'थांब', 'चल' असे इशारे देत गेले, असे सांगितले जाते.

महाविद्यालयाच्या प्रदर्शनात हेच दृश्य मांडावे असे आम्ही ठरवले. मुंबईहून कुरिअरने संच मागवला. खोक्यावरचे चित्र झोकदार होते, किंमत विभागाला परवडणारी होती आणि वर '१:७२ स्टुअर्ट' असे लिहिलेले होते. विद्यार्थ्यांनी तो दोन संध्याकाळी बसून जोडला, रंगवला आणि लाल मातीच्या रस्त्यावर ठेवला. राणे यांची आकृती काही केल्या खाली जाईना, म्हणून ती शेजारी ठेवली. कोणाला कळणार आहे, असेच आम्ही तेव्हा मनात म्हटले असले पाहिजे.

एका विद्यार्थिनीचे वडील प्रदर्शन पाहावयास आले होते. सैन्यातून निवृत्त झालेले, आता शेती करणारे. त्यांनी फलकावरचा आमचा मजकूर शांतपणे वाचला, मग टेबलाच्या कडेशी गुडघे टेकून बसले, एक डोळा मिटून रणगाड्याखालून आरपार पाहिले आणि म्हणाले, "सर, ह्याच्या खालतं मानूस मावन कसा?"

आम्ही पट्टी आणली. जमीन आणि रणगाड्याचा तळ यांमध्ये अंतर होते तीन मिलिमीटर. बहात्तरने गुणले तर साडेआठ इंच, म्हणजे पुरती एक वीतसुद्धा नाही. खऱ्या स्टुअर्टखाली ही जागा दीड फुटाहून थोडी कमी, म्हणजे जवळजवळ एक हात असते. वीत आणि हात यांतल्या फरकात एक माणूस जिवंत राहिला होता. आमच्या प्रतिकृतीत त्याला जागाच नव्हती. फलकावर आम्ही त्याची थोरवी गायिली होती आणि शेजारच्या वस्तूने ती अशक्य ठरवली होती.

त्या दिवसापासून संच निवडण्याकडे आम्ही गांभीर्याने पाहू लागलो. जे शिकलो ते साहित्याच्या अभ्यासकांना परके वाटणार नाही, कारण ती मुळात संहितेची चिकित्साच आहे.

पहिली गोष्ट प्रमाणाची. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट. हे माप विमानांच्या प्रतिकृतींनी रुळवले. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखावयास शिकवण्यासाठी याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या जात. १:७६ हे खेळण्यातल्या रेल्वेकडून आले. तिथे एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. १:३५ ची कथा तर मौजेची आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने आकार ठरला आणि तो पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळ आला. हा योगायोगच पुढे जगभर प्रमाण ठरला. यातून घ्यावयाचा बोध असा की मोटारीसाठी आखलेल्या जुन्या संचांचे पोट आधी तपासावे, कारण यंत्राला जागा देताना आकृतीला मुरड पडलेली असू शकते. खोक्यावरच्या आकड्यावरही विसंबू नये. स्टुअर्टची लांबी साधारण साडेचार मीटर, म्हणजे १:७२ मध्ये सहा सेंटिमीटरच्या आसपास आणि १:३५ मध्ये तेरा. पट्टी लावावी. १:७२ आणि १:७६ यांत फरक पाच-सहा टक्क्यांचाच आहे, पण दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला खटकतो.

दुसरी गोष्ट पाठभेदांची. 'स्टुअर्ट' हे एका वाहनाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. एम-३ चा पुढचा भाग पायरीसारखा मोडलेला, तर एम-५ चा एकसलग उतरता आणि मागचा भाग उंचावलेला. 'सेंच्युरियन'चेही तसेच: आधीची वीस पौंडी तोफ आणि नंतरची १०५ मिलिमीटरची तोफ यांत घोटाळा झाला तर काळच बदलतो. १९६५च्या युद्धावरचे दालन मांडताना सेंच्युरियन आणि पॅटन यांची अदलाबदल झाली तर बाजूच बदलते. पॅटन पाकिस्तानकडे होते. म्हणून आधी प्रसंग, मग त्या प्रसंगाची छायाचित्रे, मग त्यांतला उपप्रकार, आणि शेवटी खोके. आम्ही नेमके उलट केले होते.

तिसरी गोष्ट साच्याची. प्रतिकृतींच्या धंद्यात जुना साचा नव्या खोक्यात घालून विकण्याची रीत आहे. मुखपृष्ठ बदललेले पुनर्मुद्रण आणि संपादकाने पुन्हा तपासलेली आवृत्ती यांतला भेद आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच; तोच इथे लावावा. खोक्यावरचे चित्र पाहू नये, आतल्या सुट्या भागांची छायाचित्रे मागावीत. कडांना प्लास्टिकचे पापुद्रे असतील, जाड भागांवर खळगे पडले असतील, तोफेच्या नळीचे दोन अर्ध जुळत नसतील, तर साचा थकलेला किंवा मुळातच निष्काळजी आहे. जाडीही पाहावी. चाकांवरचे पत्र्याचे झाकण एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या जगात ते बहात्तर मिलिमीटरचे झाले. एवढा जाड पत्रा तिथे कोणी लावत नाही. प्रमाण लहान होत जाते तशी प्रत्येक चूक मोठी होत जाते. कवितेत एक शब्द चुकणे आणि कादंबरीत एक शब्द चुकणे यांत जसे अंतर, तसेच हे.

चौथी गोष्ट चाकांची आणि पट्ट्यांची. स्टुअर्टला प्रत्येक बाजूस जोडीजोडीने चार चाके आणि मागे जमिनीला टेकलेले एक मोठे चाक. ती मोजावीत, त्यांचा व्यास पाहावा. आमच्या संचात चाके लहान आणि तळाचा डबा खोल होता, तिथेच ती वीत हरवली. रबरासारख्या एकसंध पट्ट्या लावावयास सोप्या, पण त्या ताणलेल्या दिसतात. तुकड्यातुकड्यांनी जोडावयाच्या पट्ट्यांना लोखंडाचे वजन दाखवता येते. नवशिक्याने मात्र शेकडो भागांच्या संचाला भुलू नये. भाग थोडे आणि मापे खरी, असा संच विद्यार्थ्यांच्या हाती अधिक शोभतो.

पाचवी गोष्ट चिन्हांची. परदेशी संचांत बहुधा अमेरिकन वा ब्रिटिश पथकांची चिन्हे येतात. छायाचित्रात भारतीय क्रमांक स्पष्ट दिसत नसेल तर पत्रा कोरा ठेवावा, पदरचा क्रमांक लिहू नये. गळलेल्या ओळीच्या जागी संपादकाने टिंबे द्यावीत, स्वतःची ओळ घालू नये. हाही तोच न्याय.

आणि जमेल तेव्हा मूळ पाहावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली उभे राहिलेले रणगाडा संग्रहालय बुलढाण्याहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा त्यांना एकच सूचना दिली: समोर उभे राहून फोटो काढण्याआधी गुडघे टेका आणि खालून पाहा. त्या अंधाऱ्या फटीत माणसाने कोपरांवर रांगत जायचे, वर टनावारी पोलाद, पुढे सुरुंग. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत.

दुसरा संच आम्ही तीन महिने शोधला. तळ आणि जमीन यांत सहा मिलिमीटरला थोडे कमी भरले. राणे यांची पालथी आकृती आता खाली गेली. त्यांच्या हातापासून चालकाच्या झडपेपर्यंत शिवणाच्या धाग्याच्या दोन दोऱ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या निगुतीने लावल्या. पुढच्या वर्षी ते गृहस्थ आवर्जून आले, पुन्हा गुडघे टेकून बसले, पुन्हा एक डोळा मिटला. समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "आता मावते. पन दोरी जाडी झाली, सर."

धागा अर्ध्या मिलिमीटरचा होता. बहात्तरने गुणले तर साडेतीन सेंटिमीटरहून अधिक. विहिरीवरच्या मोटेला शोभावा असा नाडा झाला. आम्ही सध्या त्याहून बारीक धाग्याच्या शोधात आहोत.