दानिएलचे दिवस

इ.स.पू. 167. जेरुसलेमच्या मंदिरात यहुद्यांच्या होमवेदीवर ग्रीक देव झ्यूसच्या नावाने दुसरी वेदी चढली. सीरियातून राज्य करणाऱ्या चौथ्या अँटायोकसने यहुदी धर्मच बेकायदा ठरवला होता. शब्बाथ पाळला, मुलाची सुंता केली किंवा घरात धर्मग्रंथ सापडला, तर देहदंड. कोकणातल्या बेने इस्रायल समाजातली एक परंपरा पूर्वजांचे देशांतर याच राजाच्या छळाशी जोडते.

या धामधुमीत हिब्रू बायबलमधल्या ‘दानिएल’ या ग्रंथाला आजचे रूप आले. कथा बाबिलोनच्या दरबारातली, चारशे वर्षांपूर्वीची. रोख मात्र अँटायोकसवर. त्यातल्या एका स्वप्नात समुद्रातून एकामागून एक चार श्वापदे वर येतात. ही चार साम्राज्ये. चौथ्याला लोखंडी दात आणि दहा शिंगे. त्यांच्यामधून एक लहान शिंग फुटते. त्याला माणसाचे डोळे असतात आणि ते बढाया मारते. हा कोण, ते त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. मग न्यायासन मांडले जाते, वह्या उघडतात आणि श्वापद आगीत पडते.

अखेरच्या निवाड्याची ही कल्पना आली कुठून? इ.स.पू. 539 पासून सुमारे दोनशे वर्षे यहुदी इराणी सत्तेखाली होते. सत् आणि असत् यांचा अखेरचा सामना, जगाचा त्राता, मृतांचे उठणे या जरथुष्ट्री कल्पना त्यांच्यापर्यंत किती पोचल्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण प्रश्न त्यांचा स्वतःचा होता: धर्म पाळणारेच मारले जातात, तर देवाचा न्याय कुठे? दानिएल उत्तर देतो, मेलेले उठतील आणि तेव्हा निवाडा होईल. हिब्रू बायबलमध्ये इतक्या स्पष्ट शब्दांत हे दुसरीकडे कुठे येत नाही.

कधी? शेवटच्या अध्यायात 1290 दिवसांचा वायदा आहे. लगेच पुढच्या ओळीत 1335. पहिली मुदत टळल्यावर दुसरी जोडली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. 164 मध्ये यहुदी बंडाचा नेता यहूदा मक्काबी याने मंदिर परत मिळवून शुद्ध केले. त्याच सुमारास अँटायोकस मेला. जग मात्र चालू राहिले.

आकडेही राहिले. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानिएलमधल्या 2300 दिवसांची वर्षे धरून हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी जगाच्या अंतासाठी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. काहींनी उभी पिके शेतातच सोडली.

दानिएलच्या कर्त्याला अमेरिकेचे भविष्य सांगायचे नव्हते. जेरुसलेममध्ये छळ सोसणाऱ्या आपल्या माणसांना त्याला धीर द्यायचा होता, आणि त्याचा ग्रंथ तसाच वाचायला हवा.