विजयदुर्गाखाली जळालेले आरमार: बुडाले ते नेमके काय?

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘युद्धात बुडालेली नामांकित जहाजे’ असा जाहीर झाला आहे. त्यामुळे बरेच जण बिस्मार्क, हूड, यामातो ही नावं ऐकायला आले असतील. ती नावं मोठी आहेत यात शंका नाही. हूड हे इंग्रजांचं लाडकं जहाज. २४ मे १९४१ रोजी ते काही मिनिटांत बुडालं. चौदाशेच्या वर माणसं गेली, तीन वाचली. तिसऱ्या दिवशी बिस्मार्कही तळाला गेलं. शाळेतली मुलंसुद्धा हे सांगतात. पण आपल्याच किनाऱ्यावर एका दुपारी अख्खं आरमार जळालं, त्यातल्या एका तरी जहाजाचं नाव सांगा म्हटलं, तर सभागृह शांत होतं. आत्ता झालं तसंच.

म्हणून आज आपण १२ फेब्रुवारी १७५६ या दिवसाबद्दल बोलू. जागा विजयदुर्ग, आरमार तुळाजी आंग्र्यांचं.

लोट्यात बसून विजयदुर्गाची गोष्ट कशाला, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर इथून फार लांब नाही. परशुरामाच्या देवळाकडून घाट उतरू लागलो की खाली वाशिष्ठी दिसते. चिपळूणजवळ तिच्या काठावर गोवळकोट आहे, आणि ती जिथं दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते तिथं अंजनवेल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दोन्ही ठाणी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होती. १७२७ साली सिद्दी सात याने परशुरामाच्या देवस्थानाला उपद्रव केला, तो याच बळावर. ब्रह्मेंद्रस्वामी त्यानंतर घाटावर धावडशीला गेले, हे आपल्याकडे अजून सांगतात. पुढे १७४५च्या सुमारास ही ठाणी सिद्दीकडून घेतली ती तुळाजी आंग्र्यांनी. अंजनवेलीला गोपाळगड आणि गोवळकोटाला गोविंदगड ही नावं त्यांच्याच काळातली. म्हणजे ज्याचं आरमार जळालं, तोच आपली खाडी सोडवणारा माणूस. हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत ऐका.

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. मुलांत वाद झाले. १७३५ साली बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे. भांडण मिटलं, पण एका आरमाराची दोन आरमारं झाली. संभाजींनंतर तुळाजी आले. माणूस पराक्रमी आणि तितकाच हट्टी. इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज त्यांनी पकडून आपल्या आरमारात घेतलं. १७५४ साली डचांच्या तीन जहाजांवर हल्ला केला, त्यातली दोन जळाली, एक हाती लागलं. त्यांची लढण्याची रीत साधी होती. गुराब म्हणजे उथळ बुडाचं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की परदेशी जहाज जागीच अडकायचं. मग गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला न्यायची, जिथं त्याच्या तोफा फारशा पोचत नाहीत. आधी डोलकाठ्या पाडायच्या, मग चारी बाजूंनी चढायचं.

पण तुळाजींचं हे बळ पेशव्यांच्याही कामी येईना. ते पुण्याचा हुकूम मानीत नव्हते आणि शेजारच्या मराठी मुलखालाही त्यांचा त्रास होता. त्यांना निव्वळ हुतात्मा करून ठेवणं हा इतिहास नव्हे. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खरी होती. प्रश्न आहे तो तिच्यावरच्या उपायाचा.

मार्च १७५५मध्ये नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. समुद्रावरच्या कामात हुकूम इंग्रजांचा चालायचा. मिळतील ती जहाजं दोघांनी वाटून घ्यायची. मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या आणि किल्ला पडला. हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की समोर दिसतो तोच हा किल्ला. ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांना मिळाला. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर जेम्सच्या बायकोने नवऱ्याच्या स्मरणार्थ १७८४ साली एक बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवर वळलेला. आपण विसरलो ते त्यांनी दगडात बांधून ठेवलं, इतकंच सांगतो आणि पुढे जातो.

पुढच्या हंगामात खुद्द इंग्लंडच्या राजाचं आरमार मुंबईला होतं. ॲडमिरल वॉटसन त्याचा प्रमुख, आणि बरोबर पायदळ घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. साठ-सत्तर तोफांची जहाजं या किनाऱ्यावरच्या लढाईत नवी होती. गंमत बघा, निघण्यापूर्वीच मुंबईत बसून त्यांनी लूट आपसांत कशी वाटायची ते ठरवलं. पेशव्यांचा वाटा त्या हिशोबात नव्हता.

इकडे जमिनीवरून रामाजी महादेव बिवलकर पेशव्यांची फौज घेऊन चालले होते. अंजनवेल, गोवळकोट ही आपली ठाणी या फौजेनेच घेतली. फौज विजयदुर्गाजवळ पोचली तेव्हा तुळाजींना आपला शेवट दिसू लागला. ते स्वतः किल्ला सोडून रामाजीपंतांच्या छावणीत बोलणी करायला गेले. इथं जरा थांबा. आमच्या मते सगळ्या हकीकतीचा काटा इथं आहे. धनी शरण जाण्याच्या बोलण्यात आहे, किल्ला आणि आरमार खाडीत शाबूत आहे. तडजोड झाली असती तर हे आरमार पेशव्यांच्या हाती अख्खं येण्याची शक्यता होती. वॉटसनला याचा सुगावा लागला. किल्ला मराठ्यांना परस्पर मिळाला तर लूट गेली, म्हणून त्याने वाट पाहिली नाही.

१२ तारखेला दुपारी इंग्रज जहाजं खाडीच्या तोंडातून आत शिरली आणि किल्ल्यासमोर ओळीने उभी राहिली. तुळाजींची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला, एकमेकांना खेटून बांधलेली होती. मोकळ्या समुद्रात हीच जहाजं चपळ, पण नांगरलेली गुराब म्हणजे लाकडाचा ढीग. सागवान, राळ, तेल, दोरखंड, शिडाचं कापड, बंदुकीची दारू, सगळं एका जागी. थोड्या वेळाने एक पेटता गोळा येऊन रिस्टोरेशनवर पडला. तिथून आग शेजारच्या गुराबेवर, तिथून पुढच्या, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं आरमार जळालं. पहिली पेटली ती मूळची इंग्रजांचीच नाव, हा योगायोग इतिहासानेच ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मराठ्यांच्या फौजेला त्यांनी आत येऊ दिलं नाही. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि मरेपर्यंत कैदेतच राहिले.

आता नेहमीचा प्रश्न. हे आरमार कोणी बुडवलं? आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा त्याच वाटेने जाऊ. आपले नैयायिक कारणांचे प्रकार वेगळे ठेवतात. मडकं मातीचं होतं, म्हणून माती समवायी कारण. कुंभार आणि त्याचा दंड ही निमित्त कारणं. विजयदुर्गाला हे लावून बघा. गोळा हे निमित्त. राळ-तेलात मुरलेलं लाकूड, एकमेकांना बांधलेली जहाजं, ही जळण्याची सामग्री. पण एवढ्यावर थांबलं तर लोहारालाही आगीचा गुन्हेगार म्हणावं लागेल. कारण सांगणं एक आणि जबाबदारी सांगणं दुसरं. जबाबदारी त्याची, ज्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि ज्याने एक निवडली.

गोळा टाकणाऱ्याने आपल्या धन्याचं काम केलं. त्याच्याकडून आपल्या भल्याची अपेक्षा करणं भोळेपणा. तुळाजींपुढे दोन वाटा होत्या. वेळीच पुण्याशी जमवून घेतलं असतं तर हा दिवस आला नसता, तेव्हा त्यांचाही वाटा आहे. पण मोठा वाटा पुण्याकडे जातो, असं आम्हाला वाटतं. कारण फितुरीचं नाही, हिशोबाचं आहे. घाटावरच्या राज्याला किल्ला मोजता येत होता. सुवर्णदुर्ग आला, एक. अंजनवेल आली, दोन. विजयदुर्ग येणार, तीन. त्या मोजणीत जहाज म्हणजे किल्ल्याबरोबर येणारी चीजवस्तू. करारात जहाजांची वाटणी लिहिली होती, पण ती टिकवायची कशी हे कोणाच्या मनात नव्हतं. सबंध समुद्रावरचा हुकूम परक्याच्या हाती देताना त्यांना काही मोठं दिलं असं वाटलंच नाही.

जगाच्या इतिहासात याला जोड आहे. ३ जुलै १९४० रोजी इंग्रजांनी अल्जीरियाच्या मेर्स-एल-केबीर बंदरात फ्रेंच आरमारावर गोळे टाकले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत दोघे मित्र होते. ही जहाजं जर्मनांच्या हाती पडतील या भीतीने हे केलं. १२९७ फ्रेंच नौसैनिक मेले. तो निर्णय बरोबर की चूक, यावर अजून वाद चालतो. पण एक फरक बघा. लंडनमध्ये प्रश्न जहाजांचाच होता. ती शत्रूकडे गेली तर समुद्र कोणाचा, यावर रात्ररात्र विचार झाला. चूक असेल, क्रूर असेल, पण समुद्र मोजून केलेलं होतं. आपल्याकडे आरमार जळालं ते न मोजता.

‘त्या दिवशी मराठी आरमार संपलं’ असंही आपण म्हणतो. ते मात्र पुरतं खरं नाही. १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्याशी नवा तह झाल्यावर इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला, तोवर आठ महिने तो दाबून ठेवला होता. गिर्ये गावाजवळची आंग्र्यांची गोदी राहिली, ती आजही पाहायला मिळते. तांडेल, खलाशी, सुतार, भंडारी, कोळी राहिले. नवी जहाजं बांधली गेली. एप्रिल १७८३मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं. पण सालबाईचा तह आधीच झाला होता, आणि जिंकलेलं जहाज परत द्यावं लागलं.

मग बुडालं काय? लाकूड पुन्हा मिळतं, सुतारही मिळतो. कान्होजींच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने मराठी दस्तक घ्यावं, नाहीतर लढावं, असा हक्क होता. इंग्रजांना तो कधी मान्य नव्हता, पण त्याची भीती होती. १७५६नंतर त्यांना ती उरली नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचले, आणि १७५७च्या जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गामुळे प्लासी झाली असं आम्ही म्हणत नाही, तो तर्काचा घोटाळा होईल. पण तीच माणसं आणि तीच जहाजं, हे खरं आहे.

मागे एका व्याख्यानानंतर एका मुलाने आम्हाला विचारलं, “सर, मग आपण तुळाजींच्या बाजूचे की नानासाहेबांच्या?” तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो. बाजू घ्यायचीच असेल तर त्या जहाजांवरच्या वल्हेकऱ्यांची घेऊ. आग कोणाच्या गोळ्याने लागली याने त्यांना काही फरक पडला नसता. धन्यांच्या भांडणात आपली नाव कोणीच मोजत नाही, हे मात्र त्यांना कळलं असतं. त्यांची नावं उरली नाहीत. त्यांच्या पुढच्या पिढ्या याच किनाऱ्यावर अजून जाळी टाकतात.

पुढच्या वेळी हर्णैला गेलात तर मासळी जरूर घ्या. पण सुवर्णदुर्गाकडे पाहताना बुरूज मोजू नका. बुरूज शाबूत आहेत. त्यांच्यामधलं पाणी बघा. ते कोणाच्या हिशोबात होतं, एवढं मनाशी विचारा. इथे थांबतो.