सोशल मीडियाचं 'व्यसन' मोजणारी पट्टी आली कुठून?

'तुम्हाला सोशल मीडियाचं व्यसन आहे का? सहा प्रश्नांत ओळखा!' अशी चाचणी तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधीतरी आली असेल. काही पालक मुलाला ती सोडवायला लावतात आणि आलेला आकडा घेऊन दवाखान्यात येतात. 'डॉक्टर, हा व्यसनी आहे,' असं मुलासमोरच सांगतात. म्हणून ही मोजपट्टी कोणी आणि कशी बनवली ते बघूया.

सुरुवात चेष्टेतून झाली. मानसिक आजारांच्या निदानासाठी अमेरिकेत 'डीएसएम' नावाचा जाडजूड ग्रंथ वापरतात. १९९४ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. तिच्या कोरड्या भाषेची टिंगल करायची म्हणून न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' नावाचा आजारच रचला आणि त्याची लक्षणं ऑनलाइन टाकली. स्वप्नात इंटरनेट दिसणं, टाइप केल्यासारखी बोटं हलणं, वगैरे. झालं भलतंच. 'मलाही हेच झालंय' म्हणणारे लोक पुढे आले.

त्याच सुमारास किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मात्र हा विषय गांभीर्याने घेत होत्या. दारू-तंबाखूत एखादा पदार्थ शरीरात जातो, इथे तसं काही नाही. मग तुलना कशाशी करायची? त्यांनी जुगाराचे निकष घेतले, आठ प्रश्न केले आणि पाच 'हो' आले की इंटरनेटवर अवलंबित्व, असं ठरवलं. माझ्या मते आजचा निम्मा गोंधळ इथूनच आहे. जुगारात माणूस पैसे घालवतो. फोनवर तो काय करतोय, अभ्यास, नोकरी की गावी राहणाऱ्या आईशी गप्पा, हे नुसत्या तासांवरून कळत नाही.

२००५ मध्ये ब्रिटनच्या मार्क ग्रिफिथ्स यांनी व्यसनाचे सहा घटक मांडले: सतत तोच विचार, मूड बदलण्यासाठी वापर, मात्रा वाढत जाणं, बंद केल्यावर अस्वस्थता, रोजच्या आयुष्याशी संघर्ष, आणि सोडून पुन्हा सुरू होणं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात सेसिली आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यातल्या प्रत्येक घटकावर तीन अशी अठरा विधानं ४२३ विद्यार्थ्यांना दिली आणि प्रत्येक घटकातलं सर्वांत चांगलं ठरलेलं एकेक ठेवलं. तेव्हा प्रश्न फक्त फेसबुकबद्दल होते. नंतर 'फेसबुक'च्या जागी 'सोशल मीडिया' आलं. तुमच्या फोनवर फिरते ती बहुधा हीच पट्टी.

प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ६ ते ३०. आता सीमारेषा कुठे? तेव्हा लोकांना सांगितलेला नियम असा: सहापैकी चार विधानांना 'अनेकदा' (४) किंवा 'फारच वेळा' (५) आलं तर व्यसन असू शकतं. २०१७ मध्ये हंगेरीत सुमारे सहा हजार किशोरांच्या अभ्यासातून १९ गुण ही धोक्याची रेषा निघाली. आता गणित करा. चार विधानांना ४ आणि दोनांना १ दिलेल्या मुलाचे गुण होतात १८. पहिल्या नियमाने तो व्यसनी, दुसऱ्याने ठीक. पाच विधानांना 'कधीकधी' (३) आणि एकाला ४ देणाऱ्या मुलीचे होतात १९. तिचं नेमकं उलटं!

२०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने आणखी मजेशीर प्रयोग केला. अशाच प्रश्नावलीतून सोशल मीडिया काढून त्यांनी 'मित्रांना प्रत्यक्ष भेटणं' घातलं. ८०७ जणांपैकी ६९ टक्के लोक 'मित्रांचे व्यसनी' निघाले.

आणि मनावरचे परिणाम? जास्त गुण आणि नैराश्य अनेकदा सोबत दिसतात, हे खरं. पण 'चिंता विसरण्यासाठी वापरता का?' हा प्रश्न पट्टीतच आहे. आधीच खचलेला मुलगा त्याला 'हो' म्हणणारच. कशामुळे काय झालं, हे त्या आकड्यातून कळत नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनच्या वापराशी लागला. ही अर्थात सरासरी आहे. एखाद्या मुलाला खरोखर मोठा त्रास होत असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाचा नाही. त्यामुळे आकडा समोर ठेवला की मी तो बाजूला सारतो आणि मुलाशी एकट्याने बोलतो. झोप कितीला लागते? जेवण, शाळा, खेळ यांतलं काय सुटलं? फोन वाढायच्या आधी काही घडलं होतं का? कोणी ऑनलाइन त्रास देतंय का? झोप-अभ्यास महिनोन्महिने बिघडला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी 'शट क्लिनिक' आहे. आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर चाचणीत सहाच गुण आले असले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.