पदाचें ऋण कोणाचें?

एखादी नामांकित नाटक मंडळी फुटली कीं रसिकांत हळहळ होई. परंतु मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर अशा फुटींतूनच तिला अनेकदां नवें बळ मिळालेलें दिसतें. ‘परवशता पाश दैवे’ हें पद त्याचें ठळक उदाहरण होय. तें गाजविलें जुनी मंडळी सोडून आलेल्या एका तरुण नटानें, आणि लिहिलें अमरावतीच्या एका देशभक्तानें. गायकाचें नांव आज घरोघरीं ठाऊक आहे. कवीचें मात्र वऱ्हाडांतही पुष्कळांना सांगावें लागतें.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें. त्यांच्या मंडळींतून १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि तिचें वैभव ओसरूं लागलें. अशा पडत्या काळांत गोव्यांतील मंगेशीचा एक कोवळा मुलगा तिच्यांत आला. तोच पुढें मास्टर दीनानाथ म्हणून प्रसिद्ध झाला. तेथें त्याला तालीम, रंगमंच आणि नांव या तिन्ही गोष्टी मिळाल्या. १९१८ सालीं चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यानें ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली, तेव्हां त्याचें वय अठराच्या आंत होतें. बालगंधर्वांच्या मधुर गायकीचें अनुकरण करून नव्या मंडळीचा निभाव लागता ना. दीनानाथांचा मार्ग निराळा होता. त्यांची तान विजेसारखी कडाडे, आणि त्या तानेला शोभणारे तेजस्वी शब्द हवे होते.

ते शब्द अमरावतीहून आले. वामन गोपाळ जोशी, लोकांचे वीर वामनराव, यांचा जन्म १८८१ चा. पत्रकारिता, देशकार्य आणि कारावास यांत त्यांचें आयुष्य गेलें. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० सालीं बंदी आली होती, तेव्हां राजकीय आशय नाटकांत उघडपणें मांडणें धोक्याचें होतें. वामनरावांनीं राजकथेचें आवरण घेतलें. त्यांचें ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हें नाटक १९१३ सालीं केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीनें केलें. हे केशवरावही आपली पहिली मंडळी सोडून स्वतंत्र झालेलेच होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९२७ सालीं बलवंत मंडळीनें वामनरावांचें ‘रणदुंदुभि’ रंगभूमीवर आणलें. चाली वझेबुवांच्या होत्या आणि तेजस्विनीच्या भूमिकेंत दीनानाथ होते. पदांत दुःख होतें परवशतेचें. रंगमंचावर तें एका राजकथेंतलें. परंतु समोर बसलेल्या प्रेक्षकांना तें स्वतःचें वाटलें, यांत नवल नाहीं. वामनरावांचे शब्द, वझेबुवांची चाल आणि दीनानाथांचा आवाज एकत्र आल्यावर तें पद नाटकाची चौकट ओलांडून मैफलींत आणि ध्वनिमुद्रिकांत शिरलें. नाटकाचें कथानक विसरलें गेलें तरी पद राहिलें.

स्वतंत्र मंडळी मात्र टिकली नाहीं. बोलपट आले, नाटकगृहें ओस पडूं लागलीं. दीनानाथांनीं चित्रपटाकडे वळून १९३४ सालीं ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. तोही त्यांना सांवरूं शकला नाहीं. मंडळी बंद झाली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्या परवशतेचें दुःख त्यांनीं गाइलें ती गेलेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. पद लिहिणाऱ्यानें मात्र १९४७ चें स्वातंत्र्य पाहिलें. वामनराव १९५६ सालीं निवर्तले.

अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुरास १९२० सालीं जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनीं दीनानाथांच्या गायकीची ती धार पुढें चालविली. म्हणजे अमरावतीनें दीनानाथांना शब्द दिले, आणि त्यांच्या गळ्याचा वारसा अकोल्याच्या मातींतल्या एका गायकानें राखला. तेव्हां पदाचें यश एकट्या गायकाच्या खातीं जमा करणें न्यायाचें नव्हे. ज्या मंडळीनें त्याला घडविलें तिचें ऋण मोठें, आणि ज्यानें कारावास सोसून तो शब्द लिहिला त्याचें ऋण त्याहूनही मोठें. पद ऐकतांना वऱ्हाडच्या माणसानें तरी हीं दोन्ही ऋणें स्मरावींत.