मेणवलीचा वाडा

युरोपच्या प्रबोधनकाळाची स्मृती जशी देवळांत व चित्रांत, तशीच ती धनिकांच्या खाजगी प्रासादांतही साठलेली आहे. फ्लॉरेन्सच्या कोसिमो द मेदिची याने १४४४ च्या सुमारास मिकेलोत्झोकडून बांधावयास घेतलेला प्रासाद हे त्याचे ठळक उदाहरण होय. रस्त्याच्या अंगास तळमजल्यावर ओबडधोबड दगड, वरच्या मजल्यांवर तोच उत्तरोत्तर साफ. आणि आत शिरताच खांबांनी वेढलेला मोकळा चौक. बाहेर दरारा, आत विसावा! आमचा मराठी वाडा तरी याहून निराळे काय सांगतो?

वाईनजीक मेणवलीस कृष्णाकाठी नाना फडणीसांचा वाडा आहे. हे गाव नानांस १७६८ साली इनाम मिळाले. वाडा व घाट त्यानंतरचे. तटासारख्या भिंती, सागवानी काम आणि एकामागून एक उघडत जाणारे सहा चौक. मागे घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ. तेथेच टांगलेली पंचधातूची घंटा १७०७ सालची. तीवर मेरी व बाळ येशू कोरलेले आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण.

मेदिची सावकार, नाना हिशेबनीस. राजे दोघेही नव्हते. मेदिचींनी आपल्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर १४५९ मध्ये बेनोत्झो गोत्झोलीकडून घराण्याचे चेहरे रंगवून घेतले. मेणवलीचे खरे वैभव मात्र भिंतींवर नव्हते. ते रुमालांत बांधलेले होते. १८०० साली नाना गेले, १८१८ साली पेशवाई बुडाली. पण मेणवलीचे दफ्तर राहिले. पुढे ते द. ब. पारसनीसांच्या हाती आले आणि इतिहासाच्या अभ्यासकांस बोलू लागले.

आम्ही भिलाईतील मराठी नोकरदार सरकारी क्वार्टरांत राहतो. त्यांस ना चौक, ना ओसरी. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करावयाची. त्या आवराआवरीत आजोबांची पत्रे, मोडीतील कागद, जुने जमाखर्च रद्दीत जातात. वाडा बांधणे आमच्या ऐपतीत नाही हे खरे. परंतु कागद जपणे हा तर आम्हां कारकुनांचा धर्मच! सहा चौकांची वास्तू मुलांस देता न आली तरी एक रुमाल देता येईल. नानांच्या घराने हाच धडा दिला आहे.